लेकराला पहिल्यांदा समुद्रात उतरवायचंय? खोलीचं भाडं नंतर, आधी पाणी बघा

किल्लारी (ता. औसा) : किल्लारीपासून समुद्र लांब आहे. गाडीने मालवण गाठायचं म्हटलं तर सोलापूर, कोल्हापूर आणि पुढे घाट उतरून साडेचारशे-पाचशे किलोमीटर होतात. त्यामुळे इथल्या जुन्या माणसांनी समुद्र पाहिला तो एक तर मुंबईला कामाला गेल्यावर, नाही तर सहलीत गणपतीपुळ्याला, तोही काठावरून.

आता चित्र बदलत आहे. ९ जून २०२५ ला सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झालं. त्याच्या दीड वर्ष आधी, जानेवारी २०२४ मध्ये, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचे लक्षद्वीपमधले स्नॉर्केलिंगचे फोटो गावोगावच्या मोबाइलवर फिरले. तेव्हापासून हा शब्द पोरांच्या तोंडी बसला. पुण्याला, हैदराबादला नोकरी करणारा मुलगा सुट्टीत गावाकडे येतो, मोबाइलवर रिसॉर्ट दाखवतो, आणि घरातलं आठ-नऊ वर्षांचं लेकरू हट्ट धरतं, मला पाण्याखालचे मासे बघायचे आहेत.

मग घरात एकच चर्चा होते, रिसॉर्ट कोणतं घ्यायचं? आणि बहुतेक वेळा निर्णय असा होतो की लेकराचा प्रश्न आहे, चार पैसे जास्त जाऊ द्या, मोठ्यातलं घ्या. मोठं म्हणजे सुरक्षित, हा त्यामागचा हिशोब. हा हिशोब कुठे चुकतो, ते बघायला पाहिजे.

स्नॉर्केलिंग म्हणजे नेमकं काय

डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मास्क, तोंडात एक वाकडी नळी, आणि पाण्यावर पालथं तरंगत खालचे मासे, खडक बघायचे. श्वास फक्त तोंडाने घ्यायचा. पाण्याखाली जायचं नसतं. स्कुबा वेगळं. त्यात पाठीवर हवेचं नळकांडं बांधून खाली उतरतात आणि बहुतेक प्रशिक्षण संस्था दहा वर्षांखालच्या मुलाला समुद्रात स्कुबा करू देत नाहीत. स्नॉर्केलिंग त्या मानाने सोपं आहे. पण सोपं आहे ते शांत पाण्यात, आणि पाण्याची भीती गेलेल्या लेकराला.

पैसे नेमके कशाचे?

मोठं रिसॉर्ट काय विकतं? एसी खोली, समुद्र दिसणारी गॅलरी, नाश्ता, बाग, पोहण्याचा तलाव. यातलं स्नॉर्केलिंगच्या कामाचं एकच, तो तलाव.

कारण कोकण आणि गोव्याचे बहुतेक किनारे वाळूचे. रिसॉर्टसमोरच्या पाण्यात वाळू उकळत असते, त्यात हातभर पुढचं दिसत नाही. मासे असतात खडकाजवळ. म्हणून रिसॉर्ट कितीही महाग असलं तरी स्नॉर्केलिंगसाठी बोटीत बसून दुसरीकडेच जावं लागतं. आणि ती बोट बहुधा रिसॉर्टची नसते, ठरवलेल्या बोटवाल्याची असते. वीस हजारांच्या खोलीतलं लेकरू आणि हजाराच्या खोलीतलं लेकरू कित्येकदा एकाच बोटीत, एकसारखं जॅकेट घालून बसतं. म्हणजे खोलीचं भाडं दरवाजाशी संपतं, पाण्यात ते सोबत येत नाही.

महाग आणि भक्कम दिसतं ते सुरक्षित असतंच असं नाही, हे किल्लारीच्या माणसाला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली, तेव्हा जाड दगडमातीच्या भिंतींची घरं माणसांवर कोसळली आणि हलक्या छपराखालची बरीच माणसं वाचली. घर केवढं यापेक्षा ते कशाचं बांधलं, हा प्रश्न तेव्हा महत्त्वाचा ठरला. इथेही तसंच आहे. हॉटेल किती ताऱ्यांचं यापेक्षा पाणी कसलं, बोट कोणाची आणि जॅकेट कोणत्या मापाचं, हे आधी विचारावं लागतं.

पाणी तीन तऱ्हेचं

पहिलं, मालवणचं. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला खडक आहेत, त्यावर प्रवाळ आणि रंगीत मासे आहेत. या भागाला १९८७ मध्येच सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. जवळच तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आणि स्कुबा शिकवणारी संस्था आहे. मालवणच्या चिवला बीचवर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते. इथे घरगुती निवासातही चांगली सोय होते. मराठी बोलणारा वाटाड्या मिळतो, आणि घाबरलेल्या लेकराला आपल्या भाषेत समजावणारा माणूस पाण्यात असणं ही मोठी गोष्ट आहे.

दुसरं, गोव्याचं. पंचतारांकित रिसॉर्ट इथेच जास्त. पण स्नॉर्केलिंगला बहुतेकांना बोटीने ग्रँड आयलंडच्या बाजूला नेतात. प्रवास लांबचा, बोटीत गर्दी, गाणी, जेवण, आणि मधे थोडा वेळ पाण्यात. कधी समुद्र न पाहिलेल्या लेकराला बोट लागते, उलट्या होतात आणि पाण्यात उतरायच्या आधीच ते गळून जातं. गोव्याची जमेची बाजू म्हणजे तिथल्या प्रमुख किनाऱ्यांवर सरकारने नेमलेल्या संस्थेचे जीवरक्षक असतात. लाल-पिवळा झेंडा म्हणजे तिथे जीवरक्षकाचं लक्ष आहे, नुसता लाल म्हणजे पाण्यात उतरू नका.

तिसरं, बेटांचं. लक्षद्वीप, अंदमान, मालदीव. लक्षद्वीप आणि मालदीवच्या बेटांभोवती प्रवाळाचा कडा असतो. बाहेरची लाट त्या कड्यावर फुटते आणि आत उथळ, नितळ, जवळपास तळ्यासारखं पाणी राहतं. लेकराच्या पहिल्या वेळेसाठी याच्यासारखं पाणी नाही, आणि ते कित्येकदा राहायच्या जागेसमोरच असतं. इथे मात्र रिसॉर्टच्या पैशात पाणीही येतं. पण खर्च मोठा. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो, आणि काही झालं तर मोठा दवाखाना समुद्रापलीकडे. अंदमानातही सगळीकडे उतरता येत नाही. स्वराज द्वीप, म्हणजे आधीचं हॅवलॉक, तिथे २०१० मध्ये स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका परदेशी महिलेला मगरीने मारलं होतं. जागा कितीही सुंदर असो, स्थानिक माणूस नको म्हणाला तर तिथे उतरायचं नाही.

घटना काय सांगतात

गेल्या काही वर्षांतल्या घटना एकापुढे एक ठेवल्या तर एक गोष्ट लक्षात येते.

१ फेब्रुवारी २०१६. रायगड जिल्ह्यातलं मुरुड, म्हणजे जंजिऱ्याचं मुरुड, आपलं लातूरजवळचं नव्हे. पुण्याच्या महाविद्यालयाची सहल गेली होती, १४ विद्यार्थी बुडाले. हे किनाऱ्यावरून पाण्यात उतरले होते.

२४ मे २०२२. तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याच्या जवळ उलटली. दोघांचा जीव गेला.

१८ डिसेंबर २०२४. मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. मृतांचा आकडा १५ वर गेला. बोटीत शंभराहून जास्त माणसं होती, परवानगीपेक्षा जास्त.

२५ डिसेंबर २०२४. गोव्यात कळंगुटला पर्यटकांची बोट उलटली. एकाचा मृत्यू झाला, वीस जणांना जीवरक्षकांनी बाहेर काढलं. त्यात लहान लेकरंही होती. त्या वेळच्या बातम्यांनुसार दोघे सोडून बाकी सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट होतं.

या चारही घटनांत हॉटेल किती चांगलं होतं याचा काही संबंध नव्हता. संबंध होता तो लाटेचा, बोटीतल्या माणसांच्या संख्येचा आणि जॅकेटचा. बोटीच्या दोन घटना तर किनारा दिसत असताना घडल्या. म्हणजे “इथंच तर जायचंय, जॅकेट कशाला” हे म्हणणं किती महागात पडू शकतं ते दिसतं.

महिना, तिथी आणि वेळ

आपल्याकडे पेरणीला वापसा बघतात, तसं समुद्राचंही आहे.

शाळेला सुट्टी मे महिन्यात, म्हणून लोक मे महिन्यात निघतात. पण मेच्या शेवटी वारा वाढतो, समुद्र खवळायला लागतो. कोकणात मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत जलक्रीडा बंद ठेवतात. तारकर्लीची घटना नेमकी या बंदीच्या तोंडावरची आहे. पाऊस संपल्यावर लगेच पाणी नितळ होत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने पहिल्या वेळेसाठी चांगले.

दुसरी गोष्ट तिथीची. अमावस्या आणि पौर्णिमेला भरती-ओहोटी मोठी, कोकणात त्याला उधाण म्हणतात. त्या दिवसांत पाण्याला ओढ जास्त, गढूळपणाही जास्त. सप्तमी-अष्टमीच्या आसपास भरती लहान, त्याला भांगाची भरती म्हणतात. दिवाळीचं लक्ष्मीपूजन असतं अमावस्येला. म्हणजे पाडवा-भाऊबीज उरकून लगेच गाडी काढली तर सापडतं ते उधाण. तेच चार-पाच दिवस थांबून कार्तिक शुद्ध सप्तमी ते दशमीच्या दरम्यान गेलं तर पाणी बरंच शांत असतं. दिवाळीची गर्दी उतरली की खोलीचे भावही उतरतात. कॅलेंडर घराघरात भिंतीला आहे, त्यात तिथी बघायला पैसे पडत नाहीत.

तिसरी गोष्ट वेळेची. सकाळी वारा कमी असतो, दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि पाणी हलायला लागतं. लेकराला न्यायचं ते सकाळीच. आणि मुक्कामात एक दिवस मोकळा ठेवायचा. पहिल्या दिवशी समुद्र बरा नसेल तर दुसऱ्या दिवशी बघता येतं. एकच दिवस हातात असला की माणूस खराब पाण्यातही उतरतो.

विहिरी गेल्या, पोहणं गेलं

खरी अडचण मात्र इथेच, आपल्या गावात आहे. आताच्या आजोबांच्या पिढीला पोहणं विहिरीने शिकवलं. पाठीला वाळलेला भोपळा नाही तर रिकामा डबा बांधायचा, कमरेला दोर, वर काका उभा. आठ दिवसांत पोरगं सुटायचं. आता विहिरींच्या जागी बोअर आले. पाणी खोल गेलं. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, अशा मुलखात पोरं पोहायला शिकणार कुठे? शेततळी झाली, पण त्यातला प्लास्टिकचा कागद निसरडा. आत घसरलेल्याला वर चढता येत नाही. शेततळ्यात लेकरं बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात.

त्यामुळे आजचं आठ-नऊ वर्षांचं लेकरू पाण्यात कधीच न उतरलेलं असू शकतं. त्याला एकदम समुद्रात नेणं म्हणजे सायकल न येणाऱ्याला हायवेवर मोटारसायकल देणं.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. जायच्या दोन-तीन महिने आधी लेकराला लातूर किंवा सोलापूरच्या तरणतलावात शिकवणाऱ्याच्या हाताखाली घालायचं. ते जमत नसेल तर पायऱ्यांची विहीर, पोहणारा मोठा माणूस सोबत, कमरेला दोर आणि अंगावर जॅकेट, याच पद्धतीने. शेततळ्यात कधीच नाही. मास्क आणि नळी आधी विकत आणून घरच्या हौदात तोंड बुडवून श्वास घ्यायची सवय करता येते. नाक बंद, तोंडाने श्वास, हे लेकराला पहिल्यांदा विचित्र वाटतं. ती भीती घरच्या हौदात गेलेली बरी.

समुद्राच्या खाऱ्या पाण्यात अंग विहिरीपेक्षा जास्त तरंगतं, ही लेकराला सांगायची चांगली बातमी. पण विहिरीला लाट नसते आणि ओढ नसते, हे मोठ्यांनी विसरायचं नाही. बुडणारं लेकरू ओरडतच असं नाही. बहुतेक वेळा ते गप्प होतं. म्हणून बाप मोबाइलवर व्हिडिओ काढतोय आणि लेकरू दहा हातांवर आहे, असं चालणार नाही. जाणता माणूस हात लांबवला की लेकराला लागेल इतक्या अंतरावर पाहिजे.

पैसे भरायच्या आधी विचारायचे प्रश्न

रिसॉर्टला किंवा बोटवाल्याला फोन करून पुढचं विचारायचं. उत्तर देताना समोरचा टाळाटाळ करत असेल तर तेच त्याचं उत्तर समजायचं.

१. स्नॉर्केलिंग तुमचं स्वतःचं आहे की बाहेरच्या बोटवाल्याचं? राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणीचा कागद फोनवर पाठवा म्हणायचं.

२. लेकराच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का? घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर ओढून बघायचं. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते मोठं आहे. लहान लेकराच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल तर उत्तम.

३. लहान मापाचा मास्क आहे का? पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवून नाकाने श्वास ओढायचा. तो चिकटून राहिला तर माप बरोबर. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क लहान लेकराला नकोच, गडबडीत तो पटकन काढता येत नाही.

४. एका वाटाड्यामागे किती माणसं? पहिल्या वेळेस लेकरामागे स्वतंत्र एक माणूस पाहिजे. त्याचे वेगळे पैसे द्यावे लागले तरी द्यावेत.

५. बोटीला किती माणसांची परवानगी आहे? चढताना माणसं मोजायची. जास्त दिसली तर चढायचं नाही.

६. समुद्र खराब असेल किंवा लेकरू उतरलं नाही तर पैसे परत मिळतात का?

लेकराला दमा, फिट, कानाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. सर्दी-ताप असेल तर त्या दिवशी नाहीच. अंगात लांब बाह्यांचा कपडा घालावा, कारण पालथं तरंगताना उन्हाने पाठ भाजते. प्रवाळावर उभं राहायचं नाही, तोडून घरी आणायचा नाही. वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. फोनमध्ये तीन नंबर असू द्यावेत : ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४.

हिशोब सोयाबीनचा

खरीप २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. बाजारात तो मिळतोच असं नाही, आणि २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीने मराठवाड्यातलं कितीतरी सोयाबीन पाण्यात गेलं. समजा रिसॉर्टच्या एका रात्रीला वीस हजार पडले, तर ते हमीभावानेही पावणेचार क्विंटल होतात. दोन रात्री म्हणजे साडेसात क्विंटल, जवळपास एका एकराचं पीक.

ज्याची ऐपत आहे त्याने मोठ्या रिसॉर्टला जावं, त्यात वाईट काही नाही. मात्र त्याचा फायदा पुरता घ्यावा. पहिला दिवस तिथल्या तलावात मास्क-नळीचा सराव, दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र. ज्याची ऐपत नाही त्याने मन मारायचं कारण नाही. मालवणात साधं निवास घेऊन वाचलेल्या पैशात लेकराला स्वतंत्र वाटाड्या, मापाचं जॅकेट आणि एक जादा दिवस घेतला, तर ते लेकरू महागड्या खोलीतल्या लेकरापेक्षा जास्त सुरक्षित असेल.

महागड्या खोलीचा आणखी एक धोका असतो, तो कोणी बोलून दाखवत नाही. एवढे पैसे मोजले की माघार घेणं जड जातं. बोट खडकाजवळ थांबते, लेकरू पाण्याकडे बघून बापाला घट्ट धरतं, रडतं. आणि तेव्हा तोंडातून निघतं, “पैसे भरलेत, उतर आता.” पाण्यावरचं सगळ्यात धोक्याचं वाक्य हेच आहे. घाबरलेलं लेकरू नळीतून नीट श्वास घेत नाही, पाणी गिळतं, आणि पुढे वर्षानुवर्षं पाण्याच्या जवळ जात नाही.

तेव्हा त्याला बोटीतच बसू द्यावं. बोटीच्या कडेवरून मास्क पाण्यात टेकवला तरी नितळ पाण्यात मासे दिसतात. मासे पुढच्या वर्षीही तिथेच असतील.